काळी एक

बाबा, तुमची पेटी काल दुरुस्त होऊन घरी आली. भात्याचं चामडं बदललं आहे आणि बसलेले सूर पुन्हा लावून घेतले आहेत. काळी एकची पट्टी मधोमध झिजली आहे, ती मात्र मी बदलू दिली नाही. दुकानदार म्हणत होता, नई लगवा लीजिए भैया, चमक जाएगी. मी नको म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि पेटी रिक्षात ठेवून घरी येईपर्यंत माझ्या मनात तेच घोळत राहिलं. एकदा विचारायचं, नको ऐकायचं आणि गप्प बसायचं, हे मीही तुमच्याशी केलं होतं. म्हणून आज हे लिहायला बसलो आहे.

आमचं नाटक या रविवारी पुन्हा होणार आहे. तेच, इंदिरा नगरच्या बारातघरात झालं होतं ते. तेव्हा लग्नाचा मोसम नव्हता म्हणून तो हॉल स्वस्तात मिळाला होता. आता त्याच्या जवळून मेट्रो जाते. या वेळी हॉल चांगला आहे, खुर्च्या आहेत, आणि कायदाही आमच्या बाजूला आहे. त्या वेळी कायदा नक्की कुणाच्या बाजूला आहे हे सकाळचा पेपर बघून ठरवावं लागायचं. गाणी तीच आहेत. चाली त्याच्या, त्या चौकातल्या मुलाच्या, शब्द माझे. पेटीवर आता एक मुलगी बसते. ती चांगली वाजवते, फक्त गायकाला सूर देऊन झाल्यावर बोट लगेच उचलते. तुम्ही उचलायचा नाहीत. समोरच्याचा आवाज नीट बसेपर्यंत तुम्ही ती पट्टी दाबून धरायचात आणि त्याच्याकडे न बघता दुसरीकडेच कुठेतरी बघायचात.

तो पहिल्यांदा मानक नगरच्या आपल्या क्वार्टरमध्ये आला तो दिवस मला आठवतो. जुन्या लखनौतल्या चौकातून सायकल मारत आलेला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याचे अब्बू चिकनकारीच्या कपड्यावर छपाई करायचे. लाकडी ठशाने निळी नक्षी उमटवायची, त्या नक्षीवरून बायका भरतकाम करणार, आणि मग कपडा धुतला की निळं सगळं निघून जाणार, फक्त टाका राहणार. आम्ही गाणी तशीच करायचो. तो आधी चाल बसवायचा आणि तोंडाला येतील ते शब्द त्यात भरायचा. या शब्दांना आम्ही छपाई म्हणायचो. त्यावर मी नंतर खरे शब्द लिहायचो आणि छपाई पुसून टाकायचो. त्याच्या छपाईत नेहमी भाजी असायची. आलू, टमाटर, हरी मिर्च, थोडा धनिया डाल दो. दोन महिने तुम्ही आतल्या खोलीत पेपर वाचत हे ऐकलंत, आणि एकदा जेवताना आईला विचारलंत, "यांचं नाटक सब्जी मंडीबद्दल आहे का ग?" आई म्हणाली, मला काय माहीत, मला तर ऐकून आणायच्या भाज्या आठवतात.

मी बी.ए. दुसऱ्या वर्षालाच सोडलं होतं. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये प्रुफं तपासायचो, अजूनही तपासतो. तुम्हाला त्याचं वाईट वाटायचं हे मला माहीत होतं. पण तुम्ही ते बोलला नाहीत. ऑफिसातून रद्दी झालेले ड्रॉइंगचे कागद आणून त्यांच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही मला लहानपणी मराठी शुद्धलेखन घालायचात, कारण इथल्या शाळेत मराठी नव्हतं. एका बाजूला रेल्वेच्या डब्याच्या स्प्रिंगचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला माझे ऱ्हस्वदीर्घ. जे सांगितलं ते जसंच्या तसं उतरवायचं, ही सवय मला तिथेच लागली असावी. आई म्हणायची, याला पोळी वाढायला सांगू नका. तुम्ही जेवताना ताटावर हात आडवा धरून पुरे म्हणायचात आणि मी खरंच पोळी परत डब्यात ठेवायचो. तुम्ही डब्याकडे बघत राहायचात. मग आई हसत उठायची आणि तुमच्या आडव्या बोटांच्या फटीतून तूप सोडायची. बोटं तुम्ही मुद्दामच फाकवलेली असायचीत. "अरे, नको म्हटल्यावरच वाढायचं असतं," ती मला सांगायची. तुम्ही म्हणायचात, "राहू दे, ऑफिसात बरा चालेल हा."

एका रविवारी आम्ही बाहेरच्या खोलीत नाटकातलं नळाचं गाणं बसवत होतो. चौकात हलवायाच्या दुकानावर एक खोली भाड्याने घेऊन राहणारे दोघे, सकाळी नळाला थोडाच वेळ पाणी येतं, एक बादल्या भरतो, दुसरा चहा ठेवतो, आणि आधी आंघोळ कोणी करायची यावर त्यांचं भांडण. घरमालक सगळ्यांना सांगतो की हे चुलतभाऊ आहेत. छपाई पुसून झाली होती, माझे शब्द बसले होते. तो एकटाच दोन्ही आवाज गात होता, कधी डावीकडे तोंड करून, कधी उजवीकडे. तुम्ही आतून आलात, चष्मा कपाळावर. मी हातातला कागद उलटा ठेवला. तुम्ही हिंदीत विचारलंत की दुसरा आवाज कोणाचा आहे, कारण बाई असेल तर तिला ही पट्टी फार खाली पडेल. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात तुमची आयुष्यभराची डोकेदुखी हीच होती. पुरुषाला काळी एक, बाईला त्याच्या किती तरी वर, आणि दोघांचं गाणं असलं की मधली कुठलीतरी पट्टी शोधायची, म्हणजे एकाचा आवाज बुडणार आणि दुसऱ्याचा ताणला जाणार.

तो म्हणाला, "नहीं अंकल, दोनों आदमी हैं."

स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं. तुम्ही खाली बसलात, पेटी पुढे ओढलीत, भाता सोडलात. मला वाटलं आता तुम्ही उठून जाल, किंवा मला आत बोलवाल. तुम्ही माझ्याकडे न बघता मराठीत विचारलंत, "म्हणजे मित्र आहेत?"

मी म्हणालो, "नाही बाबा."

"मग? संसार आहे?"

"हो."

तुम्ही काळी एक दाबून धरलीत. बराच वेळ नुसता तो एक सूर खोलीत होता. मग म्हणालात, "मग बरंय. दोघांनाही काळी एक बसेल, कोणाचीच ओढाताण नाही." आणि थोड्या वेळाने, "पण संसार आहे तर रडताय कशाला एवढे? बादल्या भरतायत ना? ठेका चालता ठेवा." त्याला मराठी येत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, क्या कहा? मी म्हणालो, कह रहे हैं तेज़ करो. आत लाटणं पुन्हा सुरू झालं. त्या दिवशी तो आपल्याकडेच जेवला. तुम्ही आमच्या दोघांबद्दल काही विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. पण आईने त्याच्या ताटात वाढलेल्या पोळ्या मोजून तुम्ही माझ्यापेक्षा एक जास्त वाढायला लावलीत, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

पेटी तुम्हीच वाजवायची, हे त्यानंतर आपोआप ठरलं. तुमची अट एकच होती. तुम्ही बाजूच्या पडद्यामागे बसणार आणि तुमचं नाव कुठे येणार नाही. मंडळात नाटक संपलं की पेटीवाल्याला, तबलेवाल्याला मंचावर बोलवून नारळ देतात, ती पद्धत मी आमच्या नाटकात घ्यायचं ठरवलं होतं. तुम्हाला विचारलं, "बाबा, तुम्हाला नाव घेऊन बोलवू ना?" तुम्ही म्हणालात, "नको रे. सरकारी नोकरी आहे, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीत. कॉलनीत उगाच चर्चा नको." मी बरं म्हणालो. तुम्ही आणखी थोडा वेळ तिथेच उभे होतात. मग पाणी प्यायला गेलात.

नाटकाच्या दिवशी तुम्ही कोशाच्या रेशमाचं जाकीट घालून आलात. अमरावतीहून आजोबांनी तुमच्या लग्नात दिलेलं, गणपतीत आरतीच्या दिवशी बाहेर निघणारं. मी बघितलं. मला वाटलं, हॉलमध्ये थंडी असेल म्हणून घातलं असेल. माणसं चांगली आली होती. नळाच्या गाण्याला लोक हसले, मग शेवटच्या कडव्याला अगदी शांत झाले, आणि त्या शांततेत पडद्यामागून तुमची पेटी अशी काही वाजत होती की मंचावरचे दोघेही एक ओळभर गायचं थांबले. शेवटी नावं पुकारायची वेळ आली. त्याने एक नारळ जास्तीचा आणला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, अंकल को बुला लूँ? मी म्हणालो, ते नको म्हणाले आहेत.

"अरे यार, लखनऊ में कौन पहली बार में हाँ करता है?"

"वो लखनऊ के नहीं हैं," मी म्हणालो.

तबलेवाल्याला नारळ मिळाला, बासरीवाल्याला मिळाला, टाळ्या झाल्या. मी पडद्यामागे आलो तेव्हा तुम्ही पेटीचा भाता बंद करत होतात. आधी एक कडी, मग दुसरी. पेटी बंद करायला एवढा वेळ लागत नाही. घरी जाताना टेम्पोत तुम्ही विचारलंत, "नारळ किती आणले होते?" मी अगदी बरोबर आकडा सांगितला, एक उरला हेही सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बरं झालं. आई चटणी करेल." तो नारळ मात्र त्याच्याच पिशवीत राहिला आणि चौकात गेला.

पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. क्वार्टर सोडावं लागलं, आई मावशीकडे अमरावतीला गेली. मी इतकी वर्षं असंच समजत होतो की मी तुमच्या शब्दाचा मान राखला. लोकांना सांगायचोही, बाबांना प्रसिद्धी नको होती. यंदा नाटक पुन्हा करायचं ठरलं तेव्हा आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "त्या वेळी आदल्या दिवशी स्वतः जाऊन जाकीट इस्त्रीला टाकून आले होते. मला विचारत होते, मंचावर जाताना चष्मा ठेवू की काढू? काढला तर पायरी दिसणार नाही म्हणे." मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "मला वाटलं तू बोलवशीलच. नको म्हणणारच होते ते. तुला काय ते नवीन होतं?"

नवीन नव्हतं. रोज दोन वेळा माझ्यासमोर तुमच्या बोटांच्या फटीतून तूप गळत होतं. नोकरीची काळजी तुम्हाला खरी होती, मला माहीत आहे. कॉलनीचीही असेल. पण ती काळजी माझ्यासमोर ठेवून तुम्ही तिथे उभे राहिला होतात, की मी ती हाताने बाजूला सारीन. चौकातल्या मुलाला तुमची भाषा येत नव्हती तरी त्याला ते कळलं. त्याने नारळ आणला. कपडा धुतल्यावर ठसा निघून जातो, ते बरोबरच आहे, तो जाण्यासाठीच असतो. पण त्या गाण्यात तुम्ही छपाई नव्हतात. टाका होतात, आणि धुताना मी तोही काढला.

आता तो आत चहा ठेवतो आहे. मगाशी विचारलं होतं, पियोगे? मी नको म्हणालो. तरी दोन कपांचा आवाज येतो आहे. रविवारी त्याने पुन्हा एक नारळ जास्तीचा आणायचं ठरवलं आहे, कोणासाठी ते मी विचारलेलं नाही.

हे पत्र पेटीत, भात्याखाली ठेवावं असं मनात होतं. पण कागद अडकला की भाता हवा नीट घेत नाही, तुम्हीच सांगायचात. त्यामुळे ते इथेच टेबलावर राहील. दुसऱ्यांदा विचारायला मला बरीच वर्षं लागली, पण विचारतो. बाबा, रविवारी तुमचं नाव घेऊ ना? तुम्ही नकोच म्हणाल. या वेळी मी ऐकणार नाही. फक्त एक सांगतो, मंचावर नाव कसं पुकारायचं याची सकाळपासून आरशासमोर तालीम करतो आहे, आणि अजून एकदाही ते शेवटपर्यंत म्हणता आलेलं नाही.