इथून पुढे खाली

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
लेक महिन्याभरासाठी घरी आली आहे. २८ तारखेला परदेशात नोकरीवर रुजू व्हायला जाणार. किती वर्षांसाठी ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. काल जेवताना म्हणाली, की बाबा, मी सहा वर्षांची होते तेव्हा तुम्ही मला सायकलने दीपगृहाला नेणार होतात, आठवतंय? म्हटले, आठवते तर! पावसाळा संपू दे म्हणालो होतो. ती म्हणाली, की अठरा संपले.
ठरले. तिच्या जाण्याआधी दोघांनी सायकलने दीपगृह गाठायचे. तिने मैत्रिणीची सायकल आणली आहे. माझी जिन्याखाली आहेच.
एकोणपन्नास म्हणजे काही वय नव्हे.

४ नोव्हेंबर
लंच टाइममध्ये मार्ग आखला. बांधकाम खात्याच्या नकाशा विभागात सत्तावीस वर्षे काढली. या किनाऱ्यावरचा असा एकही रस्ता नाही, जो माझ्या टेबलावरून गेलेला नाही. नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजले. घर ते दीपगृह १४ किमी. सगळा पट्टा हिरवा. हिरवे ते सपाट, तपकिरी ते डोंगर, असे गुरुजींनी शिकवले होते. आमच्या गावच्या शाळेत नकाशा एकच होता, पण तो पाठ होता.
१४ किमी, सपाट. एक तास. देवाचे नाव घेत सावकाश गेलो तर सव्वा.

५ नोव्हेंबर
सायकलवाल्याकडे गेलो. त्याने सायकल उलटी केली, चाक फिरवून पाहिले. ते फिरले नाही. मग विचारले, की साहेब, ही चालवायची आहे की कुणाला देऊन टाकायची आहे? टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर आणि सीट बदलायला सांगितली. म्हणजे फ्रेम उत्तम आहे.

७ नोव्हेंबर, सकाळी ७.००
सराव सुरू. पुलापर्यंत गेलो. अंतर दीड किमी, पण वारा समोरून होता, तेव्हा चार धरायला हरकत नाही. कठड्यावर बसून प्रार्थना केली. खाडीवर धुके, पाणी स्थिर. अशा सकाळी घाम गाळणे मनाला पटेना. येताना सायकल हातात धरून चाललो. चालण्यानेही तेच स्नायू तयार होतात.
लेक म्हणाली, की उद्या मीही येते. नको म्हटले. तिच्या स्पीडने माझा रिदम बिघडेल.

१० नोव्हेंबर
पूल. (धरून पाच.)
नवी कल्पना! एकटे दीपगृहच कशाला? किनाऱ्याकडचे सात सायकलमार्ग नीट लिहून काढायचे आणि ती वही लेकीला द्यायची. कुठेही राहिली तरी आपल्या भागातले रस्ते तिच्या हाताशी असावेत. शंभर पानी वही आणली.

१४ नोव्हेंबर
मार्ग १, २, ३ झाले. चार दिवस सराव नाही. सायकलमार्ग लिहिण्यात वेळ जातो. ही म्हणाली, की अहो, पोरगी सायकल घेऊन दारात उभी असते आणि तुम्ही निबंध कसले लिहिताय? हिला प्लॅनिंग कळत नाही.

१७ नोव्हेंबर
मार्ग ७, दीपगृह, पूर्ण. काही वाक्ये खरोखर चांगली उतरली आहेत. 'मिठागरे संपली की रस्ता डावीकडे वळतो. इथून पुढे पाच किलोमीटर खाली जावे. समोर दीपगृह दिसेल. देवाचे आभार मानावेत.' वाचताना मलाच पोहोचल्यासारखे वाटले. डोळे भरून आले.
जायचे रविवारी, २१ तारखेला. फायनल.

२० नोव्हेंबर
गुडघा. डावा. दुखत नाही, पण आहे हे जाणवते.

२१ नोव्हेंबर, पहाटे ५.३०
गुडघ्याचा शांतपणे विचार केला. आज ताण दिला तर पुढे कायमचे दुखणे होऊ शकते, आणि मग लेकीच्या जिवाला तिकडे घोर. तिच्यासाठीच थांबणे योग्य.
ती हेल्मेट घालून तयार होती. सांगितले. थोडा वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, की वही तरी द्या. वही घेऊन एकटी निघाली. एका अर्थी मी तिच्याबरोबर आहेच.

संध्याकाळी ६.३०
मासळीच्या टेम्पोतून आली. सायकल मागे क्रेटवर आडवी. दीपगृहाला पोहोचली नाही.
मिठागरांनंतर सरळ डोंगरच लागला म्हणे. दर वळणाला तिने वही उघडली. वहीत खाली, रस्ता वर. रस्ता चुकला असे वाटून दोनदा मागे फिरली, दोनदा पुन्हा चढली. तिसऱ्यांदा टेम्पोवाल्याने गाडी थांबवून विचारले, की ताई, कुठं निघालात? ती म्हणाली, खाली. तो म्हणाला, मग तोंड वर का?
मी समजावून सांगितले. खाली म्हणजे दक्षिणेला. गुरुजी छडी वर नेत ती उत्तर, खाली आणत ती दक्षिण. नकाशात दुसरे काय असते? आमचे सगळे गाव तसेच बोलते.
ती हसायला लागली. हीसुद्धा. दोघी एकमेकींना धरून हसल्या. मीही हसलो. मग तिने विचारले, की बाबा, तुम्ही त्या रस्त्याने कधी गेलाय? सांगितले, टेबलावर अनेकदा.
अंगाला मासळीचा वास येतोय म्हणून अंघोळीला गेली.

२२ नोव्हेंबर
नकाशा पुन्हा काढून पाहिला. त्यावरचा हिरवा म्हणजे झाडी. सपाट नव्हे. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले आहे. सत्तावीस वर्षे तो कोपरा गुंडाळीत आत जात होता.
दोऱ्याला चढ कळत नाही, हेही आजच लक्षात आले.
लेकीला म्हटले, २६ ला रजा टाकतो, दोघे जाऊ. ती बरं म्हणाली. फार हळू म्हणाली.

२४ नोव्हेंबर
पूल. दीड किमी. दीडच.

२६ नोव्हेंबर, दुपारी
गेलो. पूल ओलांडला. सात तारखेपासून त्याच्या पलीकडे आज प्रथमच. लेक शेजारून चालवत होती, बोलत होती. तिकडची खोली लहान आहे, खिडकी एकच आहे, असे काहीबाही. मी हुं हुं करत होतो. बोलायला श्वास नव्हता. तिला वाटले असेल मी लक्ष देऊन ऐकतोय. ऐकतही होतो.
मिठागरे गाठली. नऊ किमी. काही धरलेले नाहीत.
मग चढ. पहिल्या वळणाला उतरलो. दुसऱ्याला सायकल ढकलतही येईना. ती वरून हाक मारत होती, की बाबा, अजून एकच वळण! प्रत्येक वळणाला एकच म्हणत होती. देवाकडे पाय मागितले. त्याच्याकडे मी इतकी वर्षे काही मागितले नव्हते. त्याला सवय नसावी.
मैलाच्या दगडावर बसलो. दीपगृह ४. ओरडून सांगितले, तू हो पुढे, मी मागून येतोच. ती दिसेनाशी झाली. बरे वाटले. निदान ती तरी.
दहा मिनिटांत परत आली. म्हटले, अगं वेडे, जायचं होतंस की! ती म्हणाली, की एकटीनं बघायचं असतं तर कधीच बघितलं असतं.
दगडावर जागा एकाचीच होती. ती रस्त्यावर बसली. पाणी प्यालो. मग दोघे सायकली ढकलत परतलो. उतारावरही बसलो नाही. माझे ब्रेक नीट लागत नाहीत.

२८ नोव्हेंबर
गेली. विमानतळावर पाया पडली तेव्हा म्हटले, पुढच्या खेपेला नक्की. ती म्हणाली, की हो बाबा, पावसाळा संपला की.
घरी आल्यावर तिच्या उशीखाली वही मिळाली. बॅगेचे वजन जास्त झाले असेल. पेन्सिलीने सगळे 'खाली' खोडून वर 'दक्षिणेला' लिहिले आहे. 'देवाचे आभार मानावेत' याच्यापुढे कंस करून 'पोहोचल्यावर'.

२९ नोव्हेंबर
सकाळी ब्रेक दाखवायला नेले. सायकलवाल्याने विचारले, ताई कशा आहेत? म्हटले, कालच वर गेली. तिचा देश नकाशात अगदी वरच्या टोकाला आहे. त्याच्या हातातला पाना गळून पडला. ब्रेक राहिलेच. संध्याकाळी दुकान बंद करून बायकोला घेऊन दारात हजर. हात जोडून हिला म्हणाला, की वहिनी, धीर धरा. ही म्हणाली, की कशाला?
तो गेल्यावर हिने मला जे ऐकवले ते इथे लिहीत नाही. शेवटी मात्र रडली. मला वाटते, ते रडू कालचेच राहिले होते.

३० नोव्हेंबर, सकाळी ६.००
लेकीचा मेसेज आला आहे. पोहोचली. खोलीला खरंच एकच खिडकी आहे. आणि: 'बाबा, विमानातून दीपगृह दिसलं! अगदी खाली होतं.'
नकाशा काढून पाहिला. तिचे विमान उत्तरेला गेले. दीपगृह दक्षिणेला. त्या बाजूला फार तर बंदराचा लाल दिवा.
तिला कळवले नाही. 'वा! कसं होतं?' एवढेच लिहिले. तिने अजून पाहिलेले नाही. तिकडे पहाट व्हायची असेल.
पुलापर्यंत जाण्यासाठी सायकल बाहेर काढली. मागच्या चाकात हवा नाही. पंपाने भरली. राहिली नाही. पुन्हा खाली ठेवली. खाली म्हणजे जिन्याखाली.