दाराजवळची सासऱ्यांची तसबीर

ती. दादा यांस,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला असेलच. इकडे आम्ही सुखरूप आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे माझी पाचावर धारण बसली आहे.

तुमच्या वडिलांनी (म्हणजे माझ्या सासऱ्यांनी) ज्या चर्चमध्ये पाळक म्हणून हयात घालवली, तिथेच आता मी पाळक आहे. दाराजवळ त्यांची तसबीर होती. शिंपीण दुकान उघडायच्या आधी तिला हात लावून जायची, परीक्षा आली की मुलांची रांग लागायची, ड्रायव्हर तर गाडीची किल्लीच काचेला टेकवायचा. माझं डोकं फिरलं. देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त. तिथे सासऱ्यांचं काय काम? शास्त्र ज्याने त्याने स्वतः वाचावं, स्वतः ठरवावं, असा तासभर उपदेश ठोकला आणि सगळ्यांदेखत स्टुलावर चढून तसबीर उतरवली. (वाहवा नकोच होती, पण स्टूलसुद्धा कोणी धरलं नाही हो.)

पुढच्या रविवारी मंडळी नुसत्या खिळ्याला हात लावू लागली. मी खिळा उपटला. आता भोकात बोट घालतात, आणि भोक दर आठवड्याला मोठं होतंय. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांचे प्रमुख, निवृत्त पोस्टमास्तर, यांना मी जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "स्वतः वाचा, स्वतः ठरवा, असं तुम्हीच म्हणालात ना? वाचलं आम्ही, ठरवलंही. आता या रविवारी तुमचंही ठरवू." म्हणजे मला ठेवायचं की घालवायचं. तेव्हापासून दार वाजलं की मी आधी खिडकीतून बघतो. (तुमची बहीण माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलते.) त्यात शनिवारी सासूबाई येताहेत. पंच त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत, आणि सासूबाई चर्चमध्ये शिरताना आधी तसबिरीपुढे थांबतात.

सर्वांना यथायोग्य.

तुमचा भेदरलेला मेहुणा

ता. क. तसबीर जपून ठेवली आहे, असं मी सगळ्यांना सांगितलंय. प्रत्यक्षात ती घरी आणून खुर्चीवर ठेवली आणि विसरून तिच्यावरच बसलो. काच गेली, चेहराही गेला. तुमच्या बैठकीत अगदी तशीच आहे. शनिवारच्या आत कोणाच्या तरी हाती पाठवा, मी गुपचूप टांगतो. उपदेशाचं काय ते माझं मी निस्तरीन.

आणखी एक. भिंतीवरून काढण्याआधी माझ्या वतीने त्यांची माफी मागा. देवाकडे मी थेट जातो. सासऱ्यांकडे जायला मात्र मध्ये कोणीतरी लागतं.