बागेचं पाणी बंद करण्यासाठी

आई, सकाळी तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणतो, आणि हल्ली चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, माझा आवाज खाली जातो. बायकोला वाटतं घसा बसला असेल. मी तिला तसंच वाटू देतो.

तू गेलीस तेव्हा मी पाण्याच्या मोटारी विकत होतो. आता अमरावतीच्या एका कार्यालयात बसतो. संत्र्यांच्या बागांना आम्ही ठिबकचे आपोआप उघडणारे व्हॉल्व्ह बसवून देतो. बागवाला फोनवर बोलतो आणि पलीकडून एआय उत्तर देतो. त्याच्या हाताशी काही साधनं दिलेली असतात. एकाने आजच्यापुरतं पाणी थांबतं. दुसऱ्याने बाग ताणावर जाते, म्हणजे नवा बहार यावा म्हणून झाडांचं पाणी मुद्दाम तोडलं जातं, ते मालकाने पुन्हा सांगेपर्यंत. कोणतं साधन कधी उचलायचं हे त्याला साधनाखाली लिहिलेल्या वर्णनावरूनच कळतं. ती वर्णनं लिहिणं हे माझं काम. पहिल्याखाली मी लिहिलं होतं, ‘पाणी थांबवण्यासाठी’. ताणाखाली लिहिलं, ‘बागेचं पाणी बंद करण्यासाठी’. आमच्या भागात ताण कोणाला समजावून सांगावा लागतो? लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आपलीच माणसं होती. ज्याच्यासाठी लिहीत होतो त्याने संत्र्याचं झाड कधी पाहिलेलं नव्हतं.

शेंदूरजनाघाटकडच्या एका काकूंनी मे महिन्यात फोन केला. मी ते बोलणं नंतर ऐकलं. “गडी नळ्या जोडून राह्यला बाप्पा, आज बागेचं पानी बंद ठेव.” एआयने बाग ताणावर टाकली. काकूंच्या फोनवर उत्तर गेलं, ‘बागेचं पाणी बंद केलं आहे.’ हे वाक्यही माझंच. त्या निश्चिंत मनाने लेकीच्या बाळंतपणाला अकोल्याला गेल्या. झाडांवर आंबिया बहाराची लिंबाएवढी फळं होती, आणि वर ते ऊन. परत आल्या तेव्हा झाडाखाली हिरवा सडा पडलेला.

त्या पिशवी घेऊन कार्यालयात आल्या आणि ती गळालेली फळं त्यांनी माझ्या टेबलावर ओतली. “तुमच्या मशीनले काहून नाई समजलं जी?” आमचे साहेब म्हणाले, “काकू, ते नवीन आहे, शिकून राह्यलं अजून.” काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “असं असते का, भाऊ?” मी म्हणालो, “हो.” एवढंच म्हणालो. मग त्या पदराने टेबल पुसायला लागल्या. “मंग माहीच बोली त्याले समजली नसन. आमी अडाणी मान्सं, आमचं बोलनं असंच आडवंतिडवं.” तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

आई, मला पातूरकडचं ते उपकेंद्र आठवतं, जिथे तू नर्स होतीस. मी अकरावीत होतो. तुझ्याकडे खूप गर्दी होती म्हणून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहीत होतो. खरजेच्या औषधावर मी लिहिलं, ‘दिवसातून दोनदा’. एका आजीने ते खोकल्याचं समजून नातवाला घोटभर पाजलं. पोरगं ओकलं आणि निभावलं. तू तशीच उन्हात त्यांच्या घरी गेलीस. मी कुडाआड उभा होतो. “चिठ्ठी माह्या हातून आली. चूक माही आहे, माय,” असं तू म्हणालीस. अक्षर कोणाचं होतं ते सांगितलं नाहीस. आजीने तुला चार शिव्या घातल्या, त्या तू उभ्याने ऐकल्यास. घरी येऊन भाकरी थापताना माझ्याकडे न पाहता बोललीस, “किती डाव ते लिवलं. प्याचं नाई, हे कोन लिवन? मी काई तिच्या घरात बसून नाई राहत सांगाले.” तव्यावरची भाकरी करपली. तीच तू स्वतःच्या ताटात घेतलीस.

काकू येऊन गेल्या त्या संध्याकाळी मी दोन्ही वर्णनं बदलली. ताणाखाली आता लिहिलं आहे: एकदोन दिवस पाणी थांबवायचं असेल तर हे वापरू नये. झाडावर फळ असेल तर वापरू नये. मालकाने ताणाचं नाव घेतलं नसेल तर आधी त्याला विचारावं. त्यानंतर तशी चूक झाली नाही. साहेब म्हणाले, “पाहा, शिकलं की नाही मशीन?” मी हसलो.

काकू अजून फोन करतात. त्यांचं बोलणं माझ्या कानावर येतं. आता त्या एकेक शब्द सावकाश, शाळेतल्या पुस्तकासारखा उच्चारतात. “कृपया. आज. पाणी. बंद ठेवावे.” मध्येच अडतात, माफी मागतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. त्यांचं ते मोकळं बोलणं मी एका ‘हो’ने त्यांच्या तोंडून काढून घेतलं. तू असतीस तर मला भाकरीसुद्धा वाढली नसतीस.

गेल्या रविवारी मी त्यांच्या बागेपर्यंत गेलो होतो. फाटकाशी गाडी उभी केली. आतून हाक आली, “कोन आहे जी? या ना, पानी प्या!” मी वरूडचा रस्ता विचारला. तो मला ठाऊक होता. काकू पार रस्त्यापर्यंत आल्या आणि हात करून दाखवू लागल्या. हेल्मेट होतं, त्यांनी मला ओळखलं नाही.

हे सगळं तुला लिहिणं सोपं गेलं, आई. फळं तुझी गळाली नव्हती.