पान्याची रिकामी जागा

प्रिय ठमे,

तुला विमानविद्येतला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि तुझी आई नाचायचं सोडून शंका काढत बसली, म्हणून तू हसशील. हस. पण तुझ्या साहेबांनी मला स्वतः फोन केला, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी त्यांच्या हाताखाली होते तेव्हा या माणसाच्या तोंडून कधी साधं ‘बरं केलंत’ निघालं नाही. आता म्हणे तुमची लेक हिरा आहे, तुम्हीही सोहळ्याला या, गाडी पाठवतो. शिवाय तुला तयारीसाठी सुट्टी. इतकी माया कुठून आली गं?

अभिमान वाटतो, खूप वाटतो. हँगरच्या भिंतीवर हत्यारांचे आकार रंगवलेले असतात, त्यातला एकही रिकामा असेल तर विमान हलत नाही, हे तुम्ही दोघं माझ्या स्वयंपाकघरातच शिकलात. ओट्यामागे मी तसेच आकार रंगवले होते. कात्री जागेवर आल्याशिवाय जेवण नाही. दादा भोकाड पसरायचा आणि तू मुकाट्याने कॉटखाली शिरायचीस. म्हणून नव्या विमानाची चाचणी तू अडवलीस, याचं मला नवल वाटलं नाही. भिंतीवर छोट्या पान्याची जागा रिकामी होती; तो विमानात राहिला असेल तर सुकाणू अडकेल, असं तू बजावलंस. साहेब म्हणाले, कुणीतरी खिशातून घरी नेला असेल. तू उड्डाणाच्या परवानगीवर सही केली नाहीस, आणि लगेच पुरस्कार!

काल दादा तुझं कौतुक करत जेवला. बोलता बोलता म्हणाला, “ठमी बक्षीस घेईल त्याच सकाळी मी ते विमान वर नेणार. पाना सापडलाय, सही साहेबच करतील.” कुठे सापडला, हे या शहाण्याने विचारलं नाही. मी भांडारवाल्या काकांना गाठलं. पाना जागेवर आहे खरा, पण कोरा करकरीत.

म्हणून हे पत्र काकांच्याच हाती पाठवतेय. फोनवर तू माझी समजूत काढली असतीस. पुरस्कार तुझ्या हक्काचा आहे, सोडू नकोस. तो आणायला मी जाते, साहेबांनी बोलावलंच आहे. तू हँगरमध्ये जा आणि त्या विमानाचं पोट उघडायला लाव. आत काही नसेल तर जन्मभर मला चिडव. पण मला भीती वाटतेय. जुना पाना हाती लागेपर्यंत दादाला वर जाऊ देऊ नकोस.

तुझीच,
संशयी आई