शेवटची दहा मिनिटं

४ जानेवारी

हरलो! एका पॉइंटने! शेवटच्या तीन सेकंदांत शिडीला दोन फ्री थ्रो मिळाले होते, दोन्ही रिंगला आपटून बाहेर. शिडी म्हणजे आमच्या बास्केटबॉल संघातली सगळ्यात उंच मुलगी आणि आमच्या घरातली एकुलती एक. नाव मीच पाडलंय. कोर्टवर ती मला सर म्हणते, घरी बाबा. परत येताना गाडीत रडत बसली. मी रेडिओ मोठा केला.

साखळीतला सामना म्हणून वाचलो. फायनल पंचवीसला.

५ जानेवारी

नवा तक्ता केला. माझा तक्ता रोज साडेचारच्या आत हॉलच्या दारावर लागतो, मिनिटामिनिटाचा. दहा मिनिटं अंग मोकळं करणं, पंधरा मिनिटं पळत रिंगखाली जाऊन डाव्या हाताने ले-अप, वीस मिनिटं दोघींनी तिघींना अडवणं, आणि असंच पुढे. पाण्याला दोन मिनिटं, अडीच नाही.

आजपासून शेवटची दहा मिनिटं वेगळी. सामने तिथेच हरतात. पाय थकलेले असताना एकीने दोन फ्री थ्रो टाकायचे. एक जरी चुकला तर बाकीच्या अकरा जणींनी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं, आणि चुकलेलीने मधल्या वर्तुळात उभं राहून पाणी प्यायचं. तिची बाटली संपेपर्यंत धावणं थांबणार नाही. कोणी टाकायचे ते मी ठरवणार.

आज शिडी. चुकली.

६ जानेवारी

आजही शिडीच. चुकली. बाईसाहेबांनी बाटली घटाघटा रिकामी केली — मैत्रिणींना वाचवायचं होतं! मी दुसरी भरून दिली. तीही तशीच प्यायली आणि वर्तुळातच ओकली. हॉलच्या शिपायाने पुसलं. मुली बाजूने धावत राहिल्या. शाबास!

९ जानेवारी

शिडीशी कोणी बोलत नाही. तिची बॅग कुणीतरी बाकावरून खाली ढकलली. मी पाहिलं, तशीच पडू दिली. हेच तर हवंय. फायनलला प्रेक्षक काय फुलं उधळणार आहेत?

घरी ही म्हणाली, "अहो, पोर आहे आपली, घोडा नाही." म्हटलं, घोडा असती तर एव्हाना शिकली असती. ही ताट सोडून उठली. उठू दे.

१३ जानेवारी

एक आत, एक बाहेर. एकाला काय चाटायचंय?

१५ जानेवारी

कॅप्टन भिंगरी सरावाआधी माझ्याकडे आली. हात मागे बांधून. "सर, आम्ही दुप्पट पळतो. पण तिला असं उभं नका करू. पळणं सोपंय." पळणं सोपंय म्हणे! मग पळा. तक्त्यात वीस फेऱ्या वाढवल्या, शेजारी कंसात भिंगरीचं नाव लिहिलं. म्हणजे शिव्या कुणाला द्यायच्या ते सगळ्यांना कळावं.

बाटलीही बदलली. आता लिटरची.

१८ जानेवारी

शिपाई झाडता झाडता म्हणाला, "सर, एकदा तुम्हीच टाकून दाखवा की. पोरींना धीर येईल." त्याला म्हटलं, तू केर काढ.

इथे लिहायला हरकत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मीही एका फायनलला दोन चुकवले होते. तेव्हापासून चारचौघांत बॉल टाकलेला नाही. म्हणून तर मला ठाऊक आहे ना, हे कसं घोटून घ्यायला हवं ते!

२५ जानेवारी

जिंकलो! शेवटचे सात सेकंद, पुन्हा शिडी, पुन्हा दोन. दोन्ही आत! रिंगला शिवलेसुद्धा नाहीत! टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही — आता बोला म्हणावं!

मुलींनी शिडीला उचललं. माझ्याकडे कोणी आलं नाही. फोटोतही ती दुसऱ्या टोकाला. घरी आल्यावर दारातून म्हणाली, "सर, जेवायला चला." थट्टा असेल म्हणून मी हसलो. ती हसली नाही. ही पानं वाढत राहिली.

२६ जानेवारी

साडेचारला गेलो तर दारावर तक्ता आधीच लागलेला. अक्षर शिडीचं. उद्याच्या सरावाचा, थेट माझ्या पद्धतीने, मिनिटं आखून. तळाशी — 'शेवटची दहा मिनिटं : सरांचे दोन फ्री थ्रो. नियम तेच.'

आत बारा जणी ओळीने उभ्या. भिंगरी म्हणाली, "उद्या या, सर. तुम्ही आला नाहीत तर आम्हीही येणार नाही. परत कधीच." माझी पोर माझ्याकडे बघतही नव्हती. बुटाची नाडी बांधत होती, कितीतरी वेळ.

मला शिकवायला निघाल्यात! येतो ना. बघाच!

२७ जानेवारी, सकाळ

गुपचूप हॉल उघडून वीस टाकले. सोळा आत. हात आहे अजून!

२७ जानेवारी

दोन्ही चुकले. मुली धावायला लागल्या. मी मधल्या वर्तुळात उभा राहिलो. नुसते बुटांचे आवाज. बाटली घटाघटा संपवली.

लेकीने दुसरी भरून दिली.