नितळ तळं

१० एप्रिल १९३६
सिकंदराबादच्या शाळेत दर शनिवारी वर्गातल्या दौती धुवायचं काम माझ्याकडे आणि दुर्गाकडे असायचं. नळाखाली आमचे हात कोपरापर्यंत निळे व्हायचे. मग रविवारच्या प्रार्थनेला आम्ही दोघी हात पदराखाली लपवून उभ्या राहायचो आणि एकमेकींकडे बघायचं नाही असं ठरवून हमखास बघायचो.

चाळीस वर्षांनी त्याच दुर्गानं आज परतूर स्टेशनावर मला आणायला बैलांची दमणी पाठवली. आष्टीच्या अलीकडे तिचं गाव. आता ती इथली पाटलीणबाई. नवरा गेला, एकुलती लेक तुळजा दहा वर्षांपूर्वी तळ्यात बुडाली. पत्रात तिनं लिहिलं होतं, गावात पाण्यातून होणारा नारू फार झालाय, विहीर सोडून तळ्याचं पाणी प्यावं का ते तू बघून सांग. शाळेतली नोकरी सोडल्यापासून जालन्याच्या डॉक्टरीणबाईंसाठी मी विहिरी तपासत फिरते, म्हणून मला बोलावलं. मला वाटतं, कारण नसतं तरी तिनं बोलावलं असतं.

जेवताना तिनं मला जाड झालीस म्हणून चिडवलं. माझ्या खोलीतला माठ मात्र गड्याला न सांगता तिनं स्वतः भरला.

११ एप्रिल
तळं लहान आहे, काठानं सहाशे पावलं. उतरायला नऊ पायऱ्या. पांढरी थाळी दोरीला बांधून सोडली. गढूळ पाण्यात ती चार हातांवर दिसेनाशी होते. इथं बावीस हात दोरी संपली तरी थाळीवरचा टवकासुद्धा दिसत होता.

मासा नाही, बेडूक नाही. पायऱ्यांना शेवाळ नाही. चतुर उडत नाहीत, बगळा उतरत नाही. तळाशी बाभळीची पानं पडलेली आहेत, हिरवीगार. दुर्गाकडे कामाला असलेल्या झुंबरबाईला विचारलं. ती म्हणाली, काठावरची बाभूळ तोडून सा वर्सं झाली.

लाल औषधाची पूड बाटलीत टाकली. घाण असलेल्या पाण्यात गुलाबी रंग विटतो, चांगल्या विहिरीचाही संध्याकाळपर्यंत फिका पडतो. तळ्याच्या पाण्यातला सकाळपासून जसाच्या तसा आहे. इतकं स्वच्छ पाणी मी कधी पाहिलं नाही. आनंद व्हायला हवा होता.

१३ एप्रिल
आज आनंद झाला. उत्तरेच्या कपारीत नखाएवढं शेवाळ सापडलं आणि त्यात पाच बेडूकमासे वळवळत होते. पळतच घरी आले. दुर्गाला सांगितलं, तुझं तळं मेलेलं होतं, आता जिवंत होतंय. पाऊस बरा झाला तर दिवाळीपर्यंत मासेही येतील.

दुर्गानं हातातला घास ताटात ठेवला. किती दिवसांत सगळीकडे पसरेल, इतकंच विचारलं. मग उठून माझा माठ पुन्हा भरला. अर्धा होता अजून.

१५ एप्रिल
तहान लागते. शेतावर विहिरीचं पाणी प्यायले तर राख खाल्ल्यासारखं लागलं. खोलीतल्या माठातलंच गोड लागतं.

दुपारी बाटली भरायला गेले. भानावर आले तेव्हा चौथ्या पायरीवर होते, पाणी गुडघ्याला. बाटली काठावरच होती. पायऱ्या उतरल्याचं आठवत नाही.

१६ एप्रिल
थाळी पुन्हा सोडली, या वेळी उत्तरेच्या कपारीकडून. थाळीच्या शेजारी माणूस आहे.

उभा आहे. डोळे उघडे, तोंड वर. खांद्याला मोजणीची साखळी. हा अजमत, चार वर्षांपूर्वी जमिनीच्या मोजणीला आलेला. काम अर्धं टाकून औरंगाबादेला पळाला, असं दुर्गा मला हसत सांगत होती. चार वर्षं पाण्यात, आणि गालावर दाढीची खुंटं कालची वाटावीत अशी.

त्याच्यापलीकडे हिरव्या परकरातली मुलगी. बारा वर्षांची. कपाळ दुर्गाचं. तिच्या घोट्यावर मात्र करडा डाग पडलाय, त्यावर शेवाळ.

पानं हिरवी का राहिली ते कळलं. कुजायलाही पाण्यात जीव असावा लागतो.

१७ एप्रिल
खोलीचं दार आतून लावलं. सकाळी दोन पेले भरले, एक घरच्या विहिरीचा, एक माझ्या माठातला. दोन्हीत पूड टाकली.

दुपारी विहिरीच्या पेल्यातला गुलाबी रंग विटला. माझ्या माठातल्या पाण्याचा — अजून तसाच.

पहिल्या दिवसापासून तळ्याचंच पाणी. दुर्गानं स्वतःच्या हातानं.

झुंबरबाईला माठ दाखवला. ती दारातच खाली बसली. म्हणाली, "बाई, तुमच्याआधी त्या मोजणीवाल्याचा माठबी पाटलीणबाईच भरायच्या. तवाबी पोरीच्या अंगावर असाच डाग आल्ता. तळ्याला मानूस भेटलं की पानी पुन्हा नितळ व्हतं. मंग पोर तशीच राहती." आधी का सांगितलं नाही, विचारलं. त्यांच्या घरचं खाऊन राह्यले मी, म्हणाली, आणि रडली.

१८ एप्रिल
दुर्गाला विचारलं. तिनं नाकारलं नाही. ती रोज दुपारी तिथं जाऊन बसते, लेकीशी बोलते. आईनं दहा वर्षं रोज बघितलेलं तोंड डोळ्यांदेखत सडू द्यायचं का, असं मलाच विचारलं.

मी म्हटलं, माझा विचार नाही आला?

तिनं माझा हात हातात घेतला. "आला ना. शंभरदा आला. पण तुझी वाट बघणारं कुणी नाही, सगुणे. माझी तिथं उभी आहे."

आवाज किती मायेचा होता.

१९ एप्रिल
दमणी मिळाली नाही. पायी निघाले. शिवेपर्यंत गेले — जीभ टाळूला चिकटली — मग काही आठवत नाही. सहावी पायरी. पाणी छातीला.

किती थंड. किती गोड —

२० एप्रिल
सातवी. झुंबरबाईनं केसांना धरून ओढलं. पुढच्या वेळी तिला जमायचं नाही.

कपारीतलं शेवाळ कुणीतरी चुन्यानं घासून काढलंय. बेडूकमासे काठावर वाळलेले. पाच.

२१ एप्रिल
मी वाचणार नाही. पण माझ्यामुळे पाणी नितळ होऊ द्यायचं नाही.

झुंबरबाईनं आष्टीच्या डबक्यातून दोन घागरी आणल्यात. हिरवा गाळ, शेवाळ, अंडी, जळवा, सगळं वळवळतंय. घाण वास येतो. केवढा चांगला वास. घागरी पोटाशी बांधून उतरणार आहे, तळापर्यंत. तिथं चुना पोचत नाही.

लिहून ठेवते —

ही वही आणि बाटल्या जालन्याच्या डॉक्टरीणबाईंना. हे पाणी कुणी पिऊ नये.

भिंग आणि पुस्तकं माझ्या जुन्या शाळेला.

शाल झुंबरबाईला. तिला कुणी दोष देऊ नये.

मोजणीची साखळी अजमतच्या घरच्यांना. त्याचं घर शोधावं. तो पळाला नव्हता, हे त्यांना सांगावं.

दुर्गाला तिची तुळजा. पाण्यात जीव आला की शरीरं फुगून वर येतात. ती आधी येईल. दुर्गानं तोंड फिरवू नये. जवळ घ्यावं, आणि तिला माती —