टेम्पेस्टच्या पोटातलं

२२ ऑक्टोबर १८३८
आलो बुवा एकदाचा! कॉर्नवॉलच्या खाणीत पंप हाकण्यात जन्म गेला असता. आता मी सात फूट अंतराच्या रुळांवर धावणाऱ्या 'टेम्पेस्ट' इंजिनाचा फायरमन, भट्टीत कोळसा टाकणारा! काय नमुना आहे! बॉयलर एका गाड्यावर, यंत्र दुसऱ्यावर, मध्ये वाफेची नळी, आणि चाकं जवळजवळ माझ्या दुप्पट. ड्रायव्हर गार्लिक विधुर आहेत, गप्पिष्ट. त्यांनी बॉयलरच्याच पाण्याचा चहा पाजला. तेलकट तवंग होता, पण आग्रहापुढे काय चालतं?

२५ ऑक्टोबर
टेम्पेस्ट गळते. आमच्या खाणीतला तोडगा ठरलेला: बॉयलरच्या पाण्यात कोंडा किंवा घोड्याची लीद टाकायची, ती शिजून फटीत बसते. मी दोन्ही टाकलं. उपयोग शून्य. गार्लिक हसले. "गवत कसलं चारतोस, जोब? हिला ते पचत नाही." खाटकाकडून आतड्यांची बादली आणून त्यांनी आत ओतली. शी! पण गळती थांबली. पाच तारखेला संचालक चाचणी घेणार आहेत. इंजिन गळलं तर ते भंगारात जाणार आणि गार्लिक रस्त्यावर.

३० ऑक्टोबर
आज बॉयलर धुतला. खांद्यापर्यंत हात घातला तर बोटांना कुजक्या चरबीचा लगदा लागला. त्यात लांब, लाल केस. माझ्याआधीच्या फायरमनबद्दल विचारलं. एमोस टक, वेल्सला घरी गेला, गार्लिक म्हणाले. शेडमधला पाणक्या मात्र म्हणाला, तो लालकेश्या निरोपसुद्धा न घेता गेला. तोंडातली चिलीम तेवढी कधी सुटायची नाही.
हात तीनदा धुतले. वास जात नाही.

२ नोव्हेंबर
गाळात दात सापडला. माणसाचा. चिलीम धरून धरून खाच पडलेला.
आणि मी रोज तो चहा—
ओकलो. पुन्हा ओकलो. पोटात काही उरलं नाही, तरी ओकतोय.

३ नोव्हेंबर
पुन्हा गळती. आतडी टाकली, थांबत नाही. गार्लिक माझा दंड चाचपून म्हणाला, एमोस महिनाभर पुरला, पण तो काटकुळा होता. वर हसला! किळस येते त्या हाताची.
नोकरीचा करार मोडून पळालो तर तुरुंग. चालेल. उद्या सगळे चर्चमध्ये असताना पेटी उचलून निघतो.

४ नोव्हेंबर, रविवार
पेटी शेडमध्येच होती. आत शिरलो. गार्लिक चर्चला गेलाच नव्हता. दाराला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. मी कोळशामागे आहे. ओरडलो तरी बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही, चर्चच्या घंटा वाजतायत—
बॉयलर थंड आहे. वरचं झाकण उघडं.
हाका मारतोय. अगदी मायेनं. "ये रे जोब, जरा वाकून बघ, फट कुठंय ती—"
त्याच्या हातात मोठा पाना आहे. कोळसा घसरला. त्यानं ऐ—